भिंतीवर स्टेन्सिलने डिझाईन काढायचंय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मागच्या दिवाळीआधी आमच्या हॉलची एक भिंत मी स्वतः स्टेन्सिलने रंगवली. डिझाईन आजीच्या करवतकाठी लुगड्याच्या काठाचं होतं. त्यानंतर बेडरूमची एक झाली, मग बहिणीकडची एक, आणि आता घरी येणारं प्रत्येक जण भिंतीला हात लावून विचारतं की हा वॉलपेपर आहे का, कसं केलं, आमच्याकडे जमेल का. सगळ्यांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथे एकदाच नीट लिहून ठेवते. आम्ही नागपूरचे, त्यामुळे हवामानाचं वगैरे जे लिहिलंय ते इथल्या हिशोबाने, कोकणातल्यांनी ओलीच्या बाबतीत माझ्यापेक्षा दुप्पट काळजी घ्यायची.

स्टेन्सिल म्हणजे नेमकं काय? छाप्यासारखंच ना?

हो, रांगोळीचा छापा असतो ना, पत्र्याची किंवा प्लास्टिकची भोकं पाडलेली डबी, त्यात रांगोळी भरून जमिनीवर आपटली की स्वस्तिक नाहीतर गोपद्म उमटतं, अगदी तेच तत्त्व. भोकातून रंग खाली जातो, बाकीचा भाग झाकलेला राहतो. गोण्यांवर, लाकडी पेट्यांवर, वीजेच्या खांबांवर जे नंबर असतात तेही असेच कापलेल्या पत्र्यातून मारलेले. त्यामुळे हे काही परदेशातून आलेलं नवीन फॅड आहे असं अजिबात नाही. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या गुहांमध्ये हात भिंतीला टेकवून भोवती रंग उडवलेले पंजे आहेत, त्यातले काही निदान ४०,००० वर्षांपूर्वीचे तरी आहेत. म्हणजे माणसाचं पहिलं स्टेन्सिल त्याचा स्वतःचा हात. मला हे वाचल्यापासून फार भारी वाटतं.

कुठल्याही भिंतीवर चालतं का?

नाही. आणि हा प्रश्न लोक सगळ्यात शेवटी विचारतात, विचारायला हवा सगळ्यात आधी.

कोरडा तळहात भिंतीवर जोरात घासून बघा. हाताला पांढरी पावडर लागली तर भिंतीवर साधं डिस्टेंपर किंवा चुना आहे आणि तो सुटतोय. त्याच्यावर काहीही केलं तरी टिकणार नाही. दुसरी टेस्ट म्हणजे मास्किंग टेपचा वीतभर तुकडा दाबून चिकटवायचा, मिनिटभर थांबायचं आणि झटक्यात ओढायचा. रंगाचे पोपडे टेपला आले तर थांबा. मी पहिल्या भिंतीला ही टेस्ट केलीच नाही. आमच्या आधीच्या पेंटरने जुना चुना न खरडता वरूनच रंग मारून दिला होता हे मला माहीत नव्हतं, आणि अर्धी रांग झाल्यावर टेप काढली तर तळहाताएवढा रंग टेपबरोबर खाली आला. मग सगळी भिंत पत्रीने खरडणं, पुट्टी, घासणं, प्रायमर, दोन हात इमल्शन, असे सहा दिवस गेले आणि दिवाळी तोंडावर होती, रडायला आलं होतं खरंच.

इमल्शन म्हणजे ज्याला आपण प्लास्टिक पेंट म्हणतो ते असेल तर उत्तम. नवीन मारलेलं असेल तर किमान दोन आठवडे जाऊ द्या, वरून सुकलेलं दिसतं पण आत पक्कं व्हायला वेळ लागतो आणि टेप त्याला उचलते. नवीन प्लास्टरची भिंत असेल तर आणखी धीर धरा, पाणी मारणं थांबल्यावर काही महिने ती सुकतच असते.

आणि ओल. भिंतीवर मिठासारखा पांढरा फुलोरा येत असेल, म्हणजे लोणा लागला असेल, तर आधी पाणी कुठून येतंय ते शोधा. आमच्याकडे विदर्भात एक जास्तीची भानगड असते ती कूलरची. खिडकीत कूलर लावला की त्या खिडकीच्या आजूबाजूची भिंत तीन महिने दमट राहते. ती भिंत स्टेन्सिलसाठी निवडूच नका, समोरची निवडा.

डिझाईन कुठून आणायचं? रेडीमेड मिळतात ना?

मिळतात, ऑनलाईन भरपूर आहेत, मोरोक्कन जाळी, झाडाची फांदी, पक्षी वगैरे. पण माझं प्रामाणिक मत विचाराल तर एकदा कपाट उघडून आईच्या, आजीच्या साड्या बघा. आपल्याकडचे काठ म्हणजे आयती स्टेन्सिलं आहेत. करवतकाठ घ्या, करवतीच्या दात्यांसारखे त्रिकोण ओळीने. विणकर हे लुगडं तीन धोट्यांवर (धोटा म्हणजे आडवं सूत इकडून तिकडे नेणारं साधन) विणतात, दोन काठांचे दोन आणि मधल्या अंगाचा एक, आणि काठाचं सूत अंगाच्या सुतात जिथे अडकवलं जातं तिथे हे दाते तयार होतात. नुसते त्रिकोण असल्यामुळे कापायला सोपं, पहिल्यांदा करणाऱ्याला यापेक्षा चांगलं डिझाईन नाही. त्यानंतर इरकलीचं रुईफूल, पैठणीची नारळी किनार. पैठणीतली आसावलीची वेल किंवा मुनिया पोपट मात्र दुसऱ्या-तिसऱ्या भिंतीला घ्या, बारीक काम आहे.

मी असं केलं की काठ इस्त्री करून टेबलावर सपाट पसरला, वरून मोबाईल अगदी आडवा धरून फोटो काढला, प्रिंट घेतली आणि झेरॉक्सवाल्याकडून ती चौपट मोठी करून घेतली. इंचाचा काठ चार इंचाचा झाला. मग ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने रेषा साफ केल्या, कारण विणलेल्या कापडात कडा पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात.

कापल्यावर मधला तुकडाच गळून पडला, काय चुकलं?

पूल ठेवायचा राहिला. गोलाच्या आत गोल हवा असेल तर आतला गोल कशाला तरी धरलेला पाहिजे, नाहीतर तो पडणारच. म्हणून मध्ये दोन-तीन बारीक पट्ट्या सोडायच्या, निदान ३ मिलीमीटर रुंद. त्याहून बारीक सोडल्या तर धुताना तुटतात. ह्या पट्ट्यांच्या जागी भिंतीवर रंगात फट दिसते, काही लोक ती नंतर बारीक ब्रशने भरतात, मी नाही भरत, त्या फटींमुळेच ते स्टेन्सिलचं काम वाटतं. फुलाच्या पाकळ्या आणि देठ सुरुवातीलाच वेगळे-वेगळे काढले तर पूल आपोआप तयार होतात.

शीट कुठली वापरायची? पुठ्ठा चालेल?

पुठ्ठा चार-पाच वेळा चालेल, मग कडा भिजून फुगतात. पूर्ण भिंत करायची तर प्लास्टिकच हवं. स्टेशनरीच्या दुकानात जाड पारदर्शक फोल्डर मिळतात ते चालतात. ओएचपी शीट, म्हणजे प्रोजेक्टरची पारदर्शक शीट, पातळ असते, छोट्या डिझाईनला ठीक, मोठ्याला लडबडते. ऑनलाईन पॉलिएस्टर शीट मिळते, मायलर नावाने, २५० मायक्रॉनची घेतली तर कडक राहते आणि वळतेही.

आणि घरोघरी पडलेली गोष्ट म्हणजे जुने एक्सरे. एक्सरेची फिल्म पॉलिएस्टरचीच असते, छान मजबूत. ती काळी असते म्हणून खालचं ड्रॉईंग दिसत नाही, तर ट्रेसिंग वर चिकटवून कापायचं. लागणारे एक्सरे कापू नका एवढं बघा, डॉक्टर जुने मागतात कधीकधी.

अजून एक रस्ता आहे जो बऱ्याच जणांना सुचत नाही. गाडीच्या नंबरप्लेटची रेडियम कटिंग करणारी दुकानं असतात ना, त्यांच्याकडे मशीन असतं. त्यांना कॉम्प्युटरवरची फाईल दिली तर ते स्टिकरच्या कागदावर पाहिजे ते कापून देतात. ते चिकटतं भिंतीला म्हणून कडा एकदम शार्प येतात. पण एकदाच वापरता येतं, त्यामुळे नाव, श्लोक, देवघरामागचा एकच मोठा ओंकार अशा कामाला ते बेस्ट, रिपीट डिझाईनला नाही.

कापताना हात थरथरतो, टोकं नीट येत नाहीत.

कटरचं पातं नवीन घाला, ९ मिलीमीटरचा साधा स्नॅप कटर पुरतो, फक्त टोक बोथट व्हायच्या आधी मोडत राहा. खाली कटिंग मॅट किंवा जाड काच. आधी बारीक भोकं कापायची, मोठी शेवटी, कारण मोठी आधी कापली की शीट ढिली पडते. वळण आलं की हात नाही फिरवायचा, शीट फिरवायची. चुकून जास्त कापलं गेलं तर दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून परत कापा, काही बिघडत नाही.

रंग कुठला आणि किती लागेल?

भिंतीवर इमल्शन असेल तर स्टेन्सिललाही इमल्शनच. किती म्हणाल तर फार कमी. समजा १० बाय ९ फुटांची भिंत, ९० स्क्वेअर फूट. त्यातलं प्रत्यक्ष रंगणारं क्षेत्र पाव भाग धरा, म्हणजे २२-२३ स्क्वेअर फूट. एवढ्याला शंभर-दीडशे मिली खूप झाला. दुकानदार लिटरचा डबा देईल, तो उरतोच, किंवा भिंतीचा उरलेला रंगच वाटीत घेऊन त्यात स्टेनर, म्हणजे रंगात मिसळायचा घट्ट रंग, टाकून गडद करायचा. स्टेनर थेंबाथेंबाने टाका. फार ओतलं तर रंग नीट सुकत नाही, हात लागला की सुटतो. आणि पूर्ण भिंतीला पुरेल एवढा रंग एकाच वेळी मिसळा कारण तीच शेड परत कधीच जमत नाही.

शेड निवडताना माझा अनुभव असा की मूळ रंगापेक्षा दोनच पायऱ्या गडद घेतला तर भिंत शांत दिसते. आमची भिंत साईच्या रंगाची आणि दाते मातकट लाल आहेत, ते उठून दिसावं म्हणून मुद्दाम, पण बेडरूमला मी एकाच रंगात केलंय, भिंत मॅट आणि डिझाईन त्याच शेडच्या चमकदार इमल्शनचं, दिवसा काही दिसत नाही आणि संध्याकाळी दिवा लावला की वेल उमटते.

ताई, कडेने रंग आत पसरतोच! कितीही दाबून धरलं तरी!

दाबून धरणं हा उपायच नाहीये. रंग पसरतो कारण ब्रशवर रंग जास्त आहे. शीट आणि भिंत यांच्यात केसाएवढी फट राहतेच, कुठलीही भिंत आरशासारखी सपाट नसते, आणि ओला पातळ रंग त्या फटीत आपोआप ओढला जातो, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसा. फट बंद करता येत नाही, त्यामुळे रंगच इतका कमी ठेवायचा की ओढला जायला काही शिल्लकच नको.

मग करायचं काय तर रंगात पाणी घालायचं नाही. ब्रशचं फक्त टोक रंगात बुडवायचं आणि मग जुन्या वर्तमानपत्रावर किंवा सुती फडक्यावर तो ब्रश गोल गोल घासून पुसायचा. पुसून झालं की परत एकदा पुसायचा. हातावर ब्रश टेकवून बघा, ओला डाग पडायला नको, पावडर लागल्यासारखं दिसायला हवं. तुम्हाला वाटेल आता ह्यात रंगच नाही, बरोबर, तेवढाच हवा. मग भिंतीवर टोक उभं धरून टकटक टकटक करायचं, किंवा कडेकडून आत असं हलक्या हाताने गोल फिरवायचं. झाडू मारल्यासारखं आडवं कधीच ओढायचं नाही, ब्रशचे केस शीटच्या खाली शिरतात. पहिल्या हाताला रंग फिका दिसेल. दोन मिनिटं थांबा, दुसरा हात मारा. दोन कोरडे हात हे एका ओल्या हातापेक्षा शंभरपट बरे.

ब्रश गोल, बुटका, सपाट टोकाचा हवा. नाही मिळाला तर जुना दाढीचा ब्रश सरळ कापून घ्या, मी तोच वापरते. मोठी भिंत असेल तर ४ इंची फोमचा रोलर, पण तोही ट्रेमध्ये आणि नंतर कागदावर फिरवून कोरडा करून. भांड्याचा स्पंजही चालतो.

अगदीच खडबडीत भिंत असेल तर आणखी एक युक्ती. शीट लावल्यावर आधी भिंतीचाच मूळ रंग भोकांच्या कडेने टकटक करून घ्या, सुकू द्या, मग वरून डिझाईनचा रंग. जे काही पसरायचं ते भिंतीच्याच रंगात पसरतं, म्हणजे दिसतच नाही, आणि फट बंद झालेली असते.

एवढं करूनही पसरलंच तर ओल्यावर पुसायला जाऊ नका. सुकू द्या, आणि मग बारीक ब्रशने मूळ रंग त्यावर लावा. माझ्या हॉलच्या भिंतीवर असे पंधरा-वीस ठिकाणी दुरुस्त केलेत आणि कुणालाच कधी दिसले नाहीत.

ओळ तिरकी होत जाते, सरळ कशी ठेवायची?

छताला किंवा जमिनीला धरून मोजलं असेल तर तिरकी होणारच, कारण फ्लॅटमध्ये छतही समतल नसतं. मिस्त्री लोक पारदर्शक नळीत पाणी भरून लेव्हल घेतात, ती नळी भिंतीच्या लांबीपेक्षा चांगली लांब घ्या, दोन जण लागतात, नळीतलं पाणी दोन्ही टोकांना एकाच उंचीवर थांबतं तिथे पेन्सिलने खूण करायची. दोन खुणांमध्ये खडूच्या पावडरीत बुडवलेली दोरी ताणून टिचकी मारली की सरळ रेषा. उभी रेषा हवी तर ओळंबा, नसेल तर दोऱ्याला कुलूप बांधा.

आणि सुरुवात कोपऱ्यातून करू नका. माझं गणित सांगते. भिंत होती १२४ इंच, शीटवरचं डिझाईन १८ इंचाचं. भिंतीच्या मध्यावर दोन शीटचा जोड ठेवला तर सहा पूर्ण बसतात आणि दोन्ही टोकांना आठ-आठ इंच, म्हणजे अर्धं तुटकं डिझाईन. तेच मध्यावर शीटचा मध्य ठेवला तर पाच पूर्ण आणि दोन्ही टोकांना सतरा-सतरा इंच. एकच इंच कापला जातो, सात पूर्ण असल्यासारखंच दिसतं. दोन्ही हिशोब कागदावर करून मगच भिंतीला हात लावा.

दर वेळी शीट हलवल्यावर रेषेशी जुळतेय का बघाच. एका वेळी एक मिलीमीटर चुकलं तर विसाव्या शीटला दोन सेंटीमीटर होतं, आणि ते दारातूनच दिसतं.

कोपऱ्यात शीट बसत नाही.

पूर्ण बसणारी सगळी आधी करून घ्या. मग शीटची दुसरी कॉपी हवी तेवढी कापून कोपऱ्यासाठी वापरा. जाड शीट वाकवून कोपऱ्यात घुसवायला गेलं की मोडते आणि रंग फासतो. स्विचबोर्डच्या इथेही तसंच, आणि हो, ब्रश नेताना मेन बंद करा.

सोनेरी रंग फिका, मळकट दिसतो.

सोनेरी रंग पारदर्शक असतो, खालचा रंग दिसतो त्यातून. आधी त्याच शीटने हळदीसारखा किंवा मातकट पिवळा मारा, सुकल्यावर शीट परत तिथेच ठेवून वरून सोनेरी. साडीची जर खुलते तसा तो रंग खुलतो.

दोन रंग कसे करायचे?

प्रत्येक रंगाला वेगळी शीट. दोन्ही शीटच्या चार कोपऱ्यांना एकाच जागी बारीक भोकं पाडा, पहिल्या शीटच्या वेळी त्यातून पेन्सिलने टिंब करा, दुसरी शीट त्या टिंबांवर जुळवा. टिंबं नंतर खोडरबरने जातात.

वारलीचं स्टेन्सिल घेऊ का?

मी घेणार नाही, आणि तुम्हीही घेऊ नये असं मला मनापासून वाटतं. वारली हे हाताने काढायचं चित्र आहे. गेरूने सारवलेल्या कुडावर तांदळाच्या पिठाच्या पाण्याने, बांबूच्या काडीने. लग्नाचा चौक, म्हणजे लग्नात भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, बायका काढतात, त्यात पालघट देवी असते. जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र जगभर नेलं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, त्यांच्या चित्रात दोन माणसं कधी एकसारखी वाकलेली नसतात. स्टेन्सिलमध्ये तीच बाई वीस वेळा त्याच जागी तसाच पाय उचलते, त्यातला जीवच जातो. वारली हवी असेल तर डहाणू-जव्हार भागातल्या वारली चित्रकाराला बोलवा, त्यांचे पैसे त्यांना द्या. तुमच्या घरातल्या भिंतीला त्याहून चांगलं काय मिळणार.

भाड्याचं घर आहे, सोडताना काय?

मालकाला आधी विचारा, लिहून घ्या मेसेजवर. काढताना नुसता रंग मारला तर डिझाईनची कड उंचवट्यासारखी वरून जाणवते, विशेषतः दिव्याच्या तिरप्या उजेडात. २२० नंबरच्या सँडपेपरने हलकं घासून, गडद रंग असेल तर प्रायमरचा एक हात देऊन मग रंग मारा. हे नको असेल तर प्लायवूडच्या पॅनेलवर स्टेन्सिल करून तेच भिंतीवर टांगा, जाताना बरोबर नेता येतं.

पुट्टीचं उठावदार डिझाईन करता येतं का?

येतं. शीट जाड हवी, पुट्टी घट्ट श्रीखंडासारखी कालवायची, पत्रीने एकाच दिशेने ओढायची आणि ओली असतानाच शीट सरळ उचलायची. शीट लगेच धुवा. पण उंचवट्यांवर धूळ बसते हे लक्षात ठेवा, सोफ्यामागे नको, डोकं घासतं.

कुठल्या महिन्यात करावं?

ऑक्टोबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात भिंत दमट, रंग सुकता सुकत नाही. आणि आमच्याकडच्या मे महिन्यात ४५ डिग्रीला उलटा त्रास, रंग ब्रशवरच सुकून गोळे होतात. करायचंच असेल तर पहाटे करा, रंगाच्या वाटीवर ओलं फडकं झाका आणि पंखा बंद ठेवा.

जुन्या घरात मुलं आहेत, घासताना काही धोका?

जुना ऑईल पेंट असेल तर आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) जास्त नको हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगात जास्त असू शकतं. कोरडं घासू नका, पाणी लावून ओलं घासा, मास्क लावा, मुलांना आणि गरोदर बाईला त्या दिवशी घरात ठेवू नका, आणि नंतर झाडू न मारता ओल्या फडक्याने जमीन पुसा.

गावाकडे चुन्याची भिंत आहे, तिथे?

ताज्या चुन्याच्या भिंतीवर इमल्शन नको, पापुद्रे येतात. गेरू पाण्यात कालवून त्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घाला, घट्टसर ठेवा, आणि स्पंजने टकटक करा. दरवर्षी चुना मारताना ते झाकलं जाईल, पण शीट असतेच, परत करता येतं. बहिणीकडे देवघराच्या कोनाड्याभोवती तसंच केलंय आम्ही.

शीट कशी जपायची?

दर चार-पाच वेळा वापरल्यावर मागची बाजू ओल्या फडक्याने पुसा. काम झालं की कोमट पाण्यात भांड्याचा साबण घालून अर्धा तास बुडवा, मोरीच्या सपाट फरशीवर ठेवून जुन्या टूथब्रशने घासा. रंग साचत गेला की भोकं बारीक होतात. गुंडाळून नाही ठेवायची, गादीखाली सपाट.

भिंत पुसता येते का नंतर?

महिनाभर हात लावू नका. त्यानंतर मऊ ओल्या फडक्याने, न घासता. उरलेला रंग छोट्या काचेच्या बाटलीत गच्च भरून ठेवा, बाटलीवर शेडचा नंबर, स्टेनर किती घातलं ते, आणि कुठल्या खोलीची भिंत ते लिहा. आमच्या हॉलची बाटली फ्रीजच्या वरच्या कपाटात आहे आणि सायकलचं हँडल लागून दोन दाते खरवडले गेले तेव्हा तीच उपयोगी आली.